मालक, पाय जपून

पहिला बूट पडला तवा मला वाटलं, ह्यो नुसता पाय टेकवून उतरंल. दुसरा पडला आन् टाच घासली, मग कळलं. ह्यो खरंच पुसतोय. आमच्या देवाच्या घोंगड्याला चिखलाचं बूट पुसतोय.

मी गुडघ्यावर व्हतो. हात जोडलेलं. घोंगडं मीच अंथरलं व्हतं, ह्याच हातानं, आन् तोंडानं म्हणत व्हतो, "मालक, पाय जपून."

समोर कॅमेरा. कॅमेऱ्यामागं खुर्चीत दिग्दर्शक. त्येच्या मागं दोरी बांधलेली, आन् दोरीपल्याड सांगवीतली निम्मी माणसं शूटिंग बघाय जमलेली. दोरीच्या अल्याड, आमची बारा मेंढरं धरून, माझा बाप उभा व्हता. त्येला आमी आबा म्हणायचो.

सिनेमा खोटा असतो, हे मला कुणी सांगू नगा. मी त्यात काम केलंय. बूट घालणारा मालक खोटा व्हता, पुण्याचा भला माणूस. बंगला तिसऱ्याच कुणाचा. चिखलसुद्धा खोटा, टँकरचं पाणी सोडून केलेला. आमच्या सुप्याकडं टँकर प्यायच्या पाण्याचा येतो, बाया हंडं मांडून त्येची वाट बघत बसत्यात. हितं टँकर चिखल कराय आला व्हता. पर घोंगडं खरं व्हतं. आन् बाप खरा व्हता.

आता पहिल्यापासनं सांगतो.

आमी धनगर. आज्याच्या काळात तीनशे मेंढरू व्हतं. दिवाळी झाली की वाडा, म्हंजी मेंढरांसकट बिऱ्हाड, हलवायचा, कोकणाकडं उतरायचं, पावसाच्या तोंडाला माघारी. आबाच्या काळात कॅनॉलखालची सगळी जमीन उसानं भरली, चरायची रानं गेली. मेंढरं इकत इकत बारा ऱ्हायली. सुप्याच्या वरच्या अंगाला चार एकर जिरायत, पाऊस झाला तर बाजरी, न्हायतर कुसळं.

मला नाद नाटकाचा. जत्रंत गावातली पोरं नाटक बसवायची, त्यात मी राजा व्हायचो. लागोपाठ पाच वर्षं राजा. माईक बंद पडला तरी पार मागं बसलेल्या म्हाताऱ्या बायांना ऐकू जायचं. मला काम येत व्हतं. ही बढाई न्हाय, जे येत व्हतं ते येत व्हतं.

नव्वद साल उलटलं आन् आमच्या माळावर एक सिनेमा आला. त्येंना मेंढरं पायजे व्हती, मी घेऊन गेलो. दिग्दर्शकानं मेंढरं बघितली, मग मला बघितलं. शेजारच्याला म्हणाला, "चेहरा आहे याला. माती आहे चेहऱ्यात." मी घरी आलो आन् आरशात बघितलं. माती कुठं दिसली न्हाय, पर आनंद झाला.

त्या सिनेमात मी थोबाडीत खाल्ली. दुसऱ्यात लाथ खाल्ली. तिसऱ्यात पोरगी पळाली म्हणून छाती बडवली. राजा कुणी केला न्हाय. नावबी कुणी इचारलं न्हाय, सेटवर हाक यायची, "ए धनगर, इकडे ये." कागदावर तेच, पडद्यावर नावं पळत्यात तितंबी तेच. आमच्यासारख्याला तिकडं चरित्र अभिनेता म्हणत्यात. गावात मी तेवढा शब्द सांगायचो, छाती काढून.

चौथा सिनेमा सांगवीचा. दिग्दर्शक तोच, माती दिसलेला. म्हणाला, "येताना घोंगडं अस्सल आण. आमच्याकडची गिरणीतली वाटतात."

आमच्या घरात अस्सल एकच व्हतं. जावळाचं. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, तिला जावळ म्हणत्यात. मऊ असती, काळीभोर. आज्यानं तीन वर्षं जावळ साठवून ते घोंगडं इणून घेतलं व्हतं. ते कुणी पांघरायचं न्हाय, त्यावर कुणी झोपायचं न्हाय. वर्षातनं एकदा, बिरोबाच्या जत्रंत, ते अंथरायचं आन् त्यावर देव बसवायचा. अंथरायचा मान आमच्या घराचा. मेंढरं गेली, रानं गेली, आमच्याकडं काय ऱ्हायलं न्हाय. पर चार गावची माणसं जमली की भगत हाक मारायचा, "या आबा, घोंगडं टाका." माझा बाप अनवाणी पुढं व्हायचा, आन् तेवढा येळ त्येच्या पाठीला बाक नसायचा.

मी म्हणलं, "आबा, देवाचं घोंगडं द्या चार दिवस. खांद्यावर टाकणार हाय नुसतं."

आबानं चंची काढली. तंबाखू मळली. मग म्हणाला, "भुईला टेकवू नगंस."

"न्हाय टेकवत."

दिलं त्येनं. ट्रंकेतनं काढलं, भंडारा लावला, माझ्या खांद्यावर ठेवलं. ही चूक माझी हाय, दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालत न्हाय. कुणाकडनंबी साधं घोंगडं मागून नेता आलं असतं. पर मला मिरवायचं व्हतं. वाटलं, पडद्यावर आपलं घोंगडं दिसंल, थेटरात लोकं म्हणत्याल, काय घोंगडं हाय.

दोन दिवस ते खांद्यावरच ऱ्हायलं. मेंढरं पायजेच व्हती, म्हणून आबाबी रोज सांगवीला यायचा, दोरीच्या आत उभा ऱ्हायचा. दुपारी भाकरी खाताना म्हणाला, "शोभतंय घोंगडं." मी शोभतोय म्हणाला न्हाय. तरी मला लई बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मालकाचं काम करणाऱ्या नटाला सुचलं. चहा पिता पिता सुचलं. "हा नुसता हात जोडून उभा राहतो," त्यो दिग्दर्शकाला म्हणाला, "त्यापेक्षा मी जीपमधून उतरताना चिखलावर घोंगडं अंथरू दे की. आणि मी त्यालाच बूट पुसतो." दिग्दर्शकानं मांडीवर थाप मारली. वाक्य जागच्या जागी लिहून मला दिलं. मालक, पाय जपून. तीन शब्द.

मी असिस्टंटकडं गेलो. चष्मेवाला, माझ्याच वयाचा. म्हणलं, "साहेब, ते देवाचं घोंगडं हाय. दुसरं आणतो, तासाभरात आणतो."

"कालच्या सीनला हेच होतं ना खांद्यावर?"

"व्हय."

"मग हेच पाहिजे. कंटिन्युइटी आहे."

"पर देवाचं हाय, साहेब."

"अरे, सगळंच देवाचं असतं. चल, जागेवर उभा राहा."

कंटिन्युइटी म्हंजी काल दिसलं ते आजबी तसंच दिसलं पायजे. बटण उघडं असंल तर उघडं. जखम डाव्या गालाला असंल तर डाव्याच. त्येंचा त्यो नियम हाय आन् त्यो मोडला तर सिनेमा मोडतो, मला कळतं. आमचाबी एक नियम व्हता. त्यो कुणी इचारला न्हाय, आन् मी मोठ्यानं सांगितला न्हाय. असिस्टंटला सांगितला ते पुटपुटल्यागत. दिग्दर्शकाची खुर्ची दहा पावलांवर व्हती. मी गेलो न्हाय. मला भ्या वाटलं. काम जाईल, परत माळावर, परत बारा मेंढरं.

अंथरलं.

पहिल्या टेकला बुटाला चिखल कमी पडला. एकानं बादलीत कालवून आणला आन् बुटाला थापला. दुसऱ्या टेकला माझी मान वर गेली. दिग्दर्शक ओरडला, "नजर खाली. गरीब आहेस तू." तिसऱ्याला आमचंच एक मेंढरू वरडलं. चौथ्याला नट बोलायचं इसरला. दर बारीला घोंगडं उचलायचं, झाडायचं, परत अंथरायचं. मी उचलत व्हतो, मी झाडत व्हतो, मी अंथरत व्हतो. आबाकडं बघितलं न्हाय.

पाचव्याला बघितलं. चुकून नजर गेली. आबानं टोपी काढून हातात धरली व्हती. आमच्याकडं मयताला टोपी काढत्यात.

मला रडू फुटलं. खरं रडू, नाकातनं पाणी, शब्द मोडून गेला. "मालक... पाय जपून." बूट पुसून झालं, नट निघून गेला, मी तसाच. दिग्दर्शकानं कट म्हणायला मुद्दाम येळ लावला. मग उठून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या, दोरीपल्याडच्या माणसांनीबी. नट माघारी आला, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "काय रडलास रे. आम्हाला नाही जमत असं." मनापासनं म्हणाला त्यो. मला आयुष्यात मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी ती. तितंच, चिखलात.

आबा आला. पायताण काढून आला. घोंगडं उचललं, चिखल आत घालून घडी घातली.

असिस्टंट पळत आला. "आबा, ठेवा ते. अजून एक क्लोजअप आहे."

"न्हाय," आबा म्हणाला.

तेवढंच. घोंगडं छातीशी धरून अनवाणी चालत निघाला. मेंढरं तशीच सोडली. जल्मात त्येनं मेंढरं कधी अशी सोडली नव्हती.

मी त्येच्या मागं जायला पायजे व्हतं. गेलो न्हाय. क्लोजअप ऱ्हायला व्हता. असिस्टंट म्हणाला, "घोंगडं फ्रेममध्ये येत नाही, नुसता चेहरा आहे, चालेल." मी पोत्यावर गुडघं टेकलं आन् परत रडून दिलं. डोळ्यात घालायचं औषध आणलं व्हतं त्येंनी, ते लागलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी आबानं मला उठवलं. बारामतीला आलो, एसटी बदलून इंदापूर, तितनं नरसिंहपूर.  घोंगडं आबाच्या मांडीवर. चिखल वाळून त्येची माती सांडत व्हती, कंडक्टर म्हणाला, "आबा, खाली ठेवा की ते." आबानं मान हलवली.

नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळती. मी म्हणलं, "धुऊन घेऊ आबा. निघंल."

"धुतल्यानं जायाजोगं न्हाय ते."

गुडघाभर पाण्यात उतरला. भंडारा लावला, घडीत दगड ठेवला आन् सोडलं. लोकर लवकर बुडत न्हाय. लई येळ ते पाण्यावर काळं दिसत ऱ्हायलं. आबा तितंच उभा, मी काठाला. मग मागं न वळता त्येनं इचारलं, "काल तू रडत व्हतास का रडायचं काम करत व्हतास?"

मला उत्तर आलं न्हाय. रडत व्हतो म्हणलं तर मग उठला का न्हाईस म्हणला असता. काम करत व्हतो म्हणलं तर त्येनं माझ्याकडं परत बघितलं नसतं.  त्येनं परत इचारलं न्हाय, मरस्तवर न्हाय.

त्या साली जत्रंत भगतानं हाक मारली, "या आबा." आबा रिकाम्या हातानं पुढं झाला. सगळ्यांम्होरं म्हणाला, "माझ्या घरचं घोंगडं बाटलं. मान दुसऱ्या घरी द्या."

"कशानं बाटलं?"

"माझ्या हातनं."

मी गर्दीत व्हतो. चौथ्या रांगंत. बापानं माझं पाप सगळ्या समाजाम्होरं सोताच्या डोक्यावर घेतलं आन् मी चौथ्या रांगंत उभा ऱ्हायलो. मान आमच्या चुलत्यांच्या घरात गेला. त्या दिवसापासनं आबा जत्रंत देवळाच्या मागं बसायचा.

सिनेमा लागला. बारामतीच्या थेटरात मी एकटाच गेलो, आबाला इचारायची हिंमत नव्हती. त्यो सीन आला आन् माणसं गप झाली, एक बाई नाक ओढत व्हती. मग मालक बूट पुसून मिशीवर हात फिरवतो तवा पिटातनं शिट्टी आली. घोंगड्याकडं कुणाचं ध्यान न्हाय. काय घोंगडं हाय, असं कुणी म्हणलं न्हाय.

पर काम चाललं. कसं चाललं इचारू नगा. ज्येला त्येला त्यो सीन पायजे. "तो रडणारा धनगर बोलवा." पुढच्या पाच-सहा वर्षांत मी पंधरा-सोळा सिनेमं केलं, आन् सगळ्यात गुडघ्यावर. शेतात गुडघ्यावर, देवळात गुडघ्यावर, कोर्टात गुडघ्यावर. एकदा एकाला म्हणलं, मला पाटलाचं काम द्या की, मी राजा केलाय. त्यो हसला. "तुला कोण पाटील म्हणणार? तुझा चेहराच चाकराचा आहे." आधी माती दिसली व्हती, आता चाकर दिसाय लागला. बाजारात पोरं मागनं वरडायची, "मालक, पाय जपून." मी हसून हात करायचो. हात करायचो, हे सांगताना आता लाज वाटती, पर करायचो. कलाकार हाय म्हणून वळखत्यात, असं सोताला समजवायचो.

आबा गेला त्या मधल्या काळात. शेवटच्या दिवसांत त्येला कळत नव्हतं काय, नुसता उशाला हात फिरवायचा. आई म्हणाली, घोंगडं हुडकतोय. मी उठून बाहेर गेलो.

दशक सरत आलं तवा इंदापूरच्या बाजूला परत त्याच दिग्दर्शकाचा सिनेमा. नवा नट, नवा बंगला, चिखल तसाच. सकाळी म्हणाला, "तोच सीन परत करू. लोकांना आठवण आहे त्याची. तसंच अंथर, तसंच रड."

सिनेमाचं सामान सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्यानं घोंगडं आणून दिलं. गिरणीचं. हात लावला की कळतं, लोकर न्हाय, कसलातरी धागा. ह्यावर कुठला देव बसला नव्हता, कुणाच्या आज्यानं साठवून ठेवलं नव्हतं. हे अंथरून कुणाचा मान जाणार नव्हता, कुणाचा बाप टोपी काढणार नव्हता. कायबी अडचण नव्हती. म्हणून तर मला कळलं.

मी ते घोंगडं धरलं, आन् हात खाली जाईनात. घोंगडं खोटं असून जाईनात. तवा आबाचं इचारणं परत कानात आलं, आन् ह्या बारीला उत्तरबी आलं. मी रडत व्हतो. आन् त्येंनी ते काम म्हणून घेतलं. आन् मी घेऊ दिलं. पाच-सहा वर्षं मी तेच एक रडणं इकत आलोय, बापानं ज्येला टोपी काढली ते मरण दर सिनेमात थोडं थोडं इकत आलोय.

घडी घातली. नीट घातली, कोपऱ्याला कोपरा. दिग्दर्शकाच्या म्होरल्या टेबलावर ठेवली. ह्या बारीला दहा पावलं चाललो.

"अंथरणार न्हाय," मी म्हणलं.

"का? आता काय झालं?"

"अंथरणार न्हाय."

"हे काय तुझ्या घरचं आहे का? आमच्या प्रॉपर्टीतलं आहे. तुझं काय जातंय?"

"घोंगडं तुमचं हाय, साहेब. हात माझं हायत."

त्येनं घड्याळ बघितलं. रागावला न्हाय. वैतागला, जीप चालू झाली न्हाय तर वैतागत्यात तसा. असिस्टंटला म्हणाला, "गर्दीतला कुणीतरी घे." बास. एवढीच माझी किंमत, एवढंच माझं बंड. दहा मिनिटं लागली न्हाईत. दोरीपल्याडनं एक म्हातारा आत घेतला, लाल पागोट्याचा, आमच्यातलाच. त्येला वाक्य शिकवलं. त्येनं अंथरलं, पहिल्याच टेकला. बूट पुसताना त्यो माझ्याकडं बघत व्हता, ह्यो बाजूला का उभा, ह्येला काय झालंय, असा. त्येला मी काय सांगणार? त्येला दुपारचं जेवण मिळणार व्हतं आन् गावात सांगाय एक गोष्ट. मीबी तसाच आत आलो व्हतो.

त्येच्यानंतर मला कुणी बोलावलं न्हाय. एकानंबी न्हाय. ह्यो धनगर माजलाय, अशी बातमी पुढं गेली असंल. मी आता चार एकर बघतो, बाजरी झाली तर झाली. आरशासमोर कधी राजाचं बोलणं म्हणून बघतो, आवाज अजून लागतो. त्येचा काय उपयोग न्हाय.

एक काम ऱ्हायलं व्हतं, ते केलं. जत्रंत गेलो. चौथ्या रांगंत उभा न्हाय ऱ्हायलो. चुलत्यानं घोंगडं टाकायच्या आधी पुढं झालो आन् म्हणलं, "आबानं तुमास्नी खोटं सांगितलं. घोंगडं माझ्या हातनं बाटलं. मी अंथरलं, पाच बारीला अंथरलं. आबानं उचललं."

मला वाटलं, शिव्या देत्याल. दंड करत्याल. कुणीतरी थोबाडीत मारंल, खरी. भगत म्हातारा झालेला, म्हणाला, "जाऊ दे, जुनं झालं. म्हातारा गेला बिचारा." आन् मागनं, आमच्याच भावकीतला एक, दात काढून म्हणाला, "ते म्हणून दाखव की रं एकदा. मालक, पाय जपून." माणसं हसली. वंगाळ मनानं न्हाय, जत्रंत हसत्यात तसं. देवाम्होरं.

तवा मला पक्कं कळलं, मला माफ करणारं कुणी न्हाय, कारण कुणाला त्यात काय वंगाळ दिसलंच न्हाय. मान माघारी मागणार न्हाय. दुसरं घोंगडं इणून घेऊन आबाच्या जागी उभा ऱ्हाणार न्हाय. ती जागा गेली, माझ्यामुळं गेली. भगतानं परत इचारलं, "म्हण की, एवढी हौस हाय पोरांची." मी म्हणलं, "न्हाय." आबासारखंच आलं ते तोंडातनं, तेवढंच.

आता गावात केबल आलीया. रविवारी दुपारी कधीमधी त्यो सिनेमा लागतो. शेजारची मला हाक मारत्यात, चहा ठेवत्यात. तितं पडद्यावर मी हाय. दर बारीला त्यो अंथरतो, दर बारीला रडतो, दर बारीला म्हणतो. त्येला मी थांबवू शकत न्हाय. मी मेल्यावरबी त्यो गुडघ्यावरच ऱ्हाणार, कुणाच्या कुणाच्या घरात, माणसं जेवत असताना.

मी जातो. टाळत न्हाय. जीप आली, चिखल दिसला, की मी उठून उभा ऱ्हातो. मागनं म्हणत्यात, "बस की रं खाली, दिसत न्हाय आमाला."

बूट पुसून होस्तवर मी बसत न्हाय.